बाईंचा नंबर चौथा

मुंबई–हावडा रेल्वेमार्ग पुलगावातून जातो, त्यामुळे मालगाडीचे डबे मोजण्याचा नाद इथल्या पोरांना कोणी लावावा लागत नाही. गाडी धडधडत निघून जाते आणि मागे वाद उरतो. एक म्हणतो अठ्ठावन्न, दुसरी म्हणते एकोणसाठ. तू गार्डाचा डबा धरला असशील. नाही, तूच पहिला डबा इंजिनात धरलास. पुढच्या गाडीला दोघं काम वाटून घेतात. एकाने मोठ्याने मोजायचं, दुसरीने दर दहाला एक बोट दुमडायचं. पाच बोटं आणि वर आठ. कोणी प्रशिक्षण दिलेलं नसतं, कोणी गटप्रमुख नेमलेला नसतो आणि निवाड्यासाठी कोणी बाईंना हाक मारत नाही.

हीच पोरं दुसऱ्या दिवशी वर्गात बसली की पाच मिनिटांत पाच हाका येतात. बाई, झालं. बाई, पुढचं करू का? बाई, समास सोडू का? बाई, हा माझं पाहून लिहितो. रुळांच्या काठी आपलं गणित आपण चालवणारी मुलं शाळेच्या दारात चपलांबरोबर आणखी काही काढून ठेवतात की काय, असं वाटावं. ते काढून ठेवायला आपणच शिकवलेलं असतं. पान कधी उलटायचं, पेन्सिलला टोक कधी करायचं, उत्तर बरोबर की चूक, या सगळ्याचा अधिकार एकाच माणसाकडे असला की मूल त्या माणसाच्या तोंडाकडे पाहायला शिकतं. वहीतल्या आकड्यांकडे त्याचं लक्ष मग उरतंच किती?

शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) हिशेबाने पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० पर्यंत मुलं असली तर शिक्षक दोन. देवळी तालुक्यातल्या, खरं तर महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्यातल्या लहान खेड्यात याचा अर्थ एकच निघतो: एका खोलीत दोन किंवा तीन इयत्ता. कागदावर याला बहुवर्ग अध्यापन म्हणतात. समजा, पुलगावजवळच्या अशा एका द्विशिक्षकी शाळेत तिसरी-चौथी मिळून अठ्ठावीस मुलं एका बाईंकडे आहेत. गणिताच्या तासाला त्या पाच मुलांना सतरंजीवर जवळ घेऊन बसतात. उरली तेवीस. गटाध्यापनाच्या प्रशिक्षणांत बोलणं होतं ते त्या पाचांविषयी. साहित्य कोणतं घ्यावं, प्रश्न कसे विचारावेत, नोंदी कशा ठेवाव्यात. तास मात्र तरतो किंवा बुडतो तो तेवीस मुलांपायी.

पण आधी पाचांना जवळ घ्यायचंच कशाला, ते पाहू. फळ्यावर वजाबाकी आहे: ५२ − २७. तीन वह्यांत तीन चुकलेली उत्तरं. दोघांचं ३५, एकीचं २६. तपासताना तिन्हींवर लाल फुली पडते आणि बाई हातच्याची वजाबाकी पुन्हा एकदा सगळ्या वर्गाला समजावून सांगतात. आता याच तिघांना जवळ बसवून नुसतं विचारा, “तू हे कसं केलंस, सांग बरं?” पहिला सांगतो की दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन घालवले. त्याच्या लेखी वजाबाकी म्हणजे मोठ्यातून लहान. मोठा आकडा वर आहे की खाली, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. दुसऱ्याने दशक सुटा केला, बारातून सात घालवले, पाच उरले. इथवर चोख. मात्र पाच दशकांचे चार झाले हे लिहायचं तो विसरला. पाचातून दोन गेले, तीन उरले. उत्तर पुन्हा ३५. आकडा तोच, आजार दोन. पहिल्याला काड्यांच्या पाच मोळ्या आणि दोन सुट्या काड्या हातात देऊन “यातल्या सत्तावीस मला दे” म्हणावं लागेल. दुसऱ्याला “सोडलेली मोळी मोळ्यांच्या ढिगात राहील का रे?” एवढं विचारलं तरी पुरतं.

२६ वालीची गोष्ट आणखी निराळी. तिने बावन्नपासून बोटांवर उलटं मोजलं, पण बावन्नलाच ‘एक’ म्हटलं. इंजिन धरायचं की नाही, हाच तो घोळ. तिला वजाबाकी समजलेली आहे. मोजायला कुठून लागायचं, एवढंच ठरायचं आहे. या तिघांना हातच्याचं एकच व्याख्यान देणं म्हणजे ताप, खोकला आणि मोडलेला हात यांना एकच गोळी देण्यासारखं आहे.

मराठीत यावर आणखी एक गाठ बसते. ‘सत्तावीस’ म्हणताना सात आधी ऐकू येतात, लिहिताना दोन आधी लिहावे लागतात. ‘बावन्न’मध्ये पन्नास ऐकूच येत नाहीत. ‘एकोणसाठ’मध्ये साठ ऐकू येतात आणि लिहायचे असतात पन्नास आणि नऊ. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस सात’, ‘पन्नास दोन’ असं वाचण्याची रीत आली, तेव्हा राज्यभर टिंगल झाली, विधानसभेतही विनोद झाले. गणिताच्या समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर सांगत राहिल्या की जुनी नावं काढून टाकलेली नाहीत, मुलांना एक सोपी वाट जोडीला दिली आहे. माझं मत त्यांच्या बाजूने आहे. पण तो सगळा वाद पुस्तकावर झाला. ‘सत्तावीस’ म्हणत ७२ लिहिणारं मूल पाचांच्या गटात कानाला आणि डोळ्याला एकदम सापडतं. अठ्ठावीस जणांच्या सामुदायिक घोषात ते मार्चपर्यंत सापडत नाही.

तेव्हा पाचांना जवळ घ्यायचंच. तेवीसांचं काय करायचं?

आपल्याकडचा जुना उपाय म्हणजे वर्गनायक. फळ्याच्या कोपऱ्यात बोलणाऱ्यांची नावं, पुन्हा बोलला तर नावापुढे फुली, आणि नायकाच्या दोस्ताचं नाव कधीच नाही. आपल्यापैकी बहुतेकांनी हे राज्य भोगलेलं आहे. त्याहून जुनी रीत पंतोजींच्या शाळेतली. मोठी मुलं लहानांकडून पाढे, पावकी, निमकी घोकून घेत, धूळपाटीवर अक्षरं गिरवून घेत. मद्रासेत अशीच पद्धत पाहिलेल्या अँड्र्यू बेल या स्कॉटिश पाद्र्याने १७९७ साली लंडनमध्ये तिच्याबद्दल लिहून छापलं आणि पुढे एक मास्तर व शेकडो मुलं असा कारभार इंग्लंडात फोफावला. पद्धत स्वस्त होती. पण तिच्यात बाईंच्या जागी नायक येऊन बसतो इतकंच. मुलं होती तिथेच राहतात. घोकंपट्टीला हे चालून जातं. “तू हे कसं केलंस?” या प्रश्नाला चालत नाही.

दुसरं उत्तर पुलगावपासून फार लांब नाही. तीसएक किलोमीटरवर वर्धा, तिथून आठेक किलोमीटरवर सेवाग्राम. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली, डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने अभ्यासक्रम आखला आणि नई तालीम सुरू झाली. समितीने सुचवलेलं वेळापत्रक मुळातून पाहण्यासारखं आहे. रोजचे साडेपाच तास. त्यातले ३ तास २० मिनिटं हस्तोद्योगाला. आणि गणिताला? संगीत, चित्रकला आणि गणित मिळून ४० मिनिटं. आजच्या गणिताच्या शिक्षकाला हे वाचून घेरी यावी. पण टकळी चालवणाऱ्या मुलाचं गणित त्या चाळीस मिनिटांत कुठे मावत होतं? चार फुटांची एक तार, ६४० तारांची एक गुंडी. आज किती तारा झाल्या, गुंडीला किती कमी पडतात, गटाच्या मिळून किती, कालच्यापेक्षा वाढल्या की घटल्या, हा हिशेब सुताबरोबरच निघायचा. तो बरोबर आहे का, हे विचारायला कोणाकडे जाण्याचंही कारण नव्हतं. तारा कमी पडल्या तर गुंडीच भरत नाही.

सेवाग्रामला आशादेवी आणि ई. डब्ल्यू. आर्यनायकम यांनी चालवलेल्या शाळेत मुलांची सभा असे. सफाई, स्वयंपाकघर, आरोग्य अशा कामांचे मंत्री मुलं आपल्यातूनच निवडत, आणि आपल्या कामाचा हिशेब मंत्र्याला सभेपुढे द्यावा लागे. वर्गनायक आणि असा मंत्री यांच्यात बारीक दिसणारा पण मोठा फरक आहे. नायक बाई नेमतात आणि तो मुलांवर नजर ठेवतो. मंत्री मुलं नेमतात आणि तो कामावर नजर ठेवतो. पुढे सरकारी बुनियादी शाळांत टकळी हा आणखी एक कंटाळवाणा विषय होऊन बसला आणि नई तालीम मागे पडली. सेवाग्रामात आनंद निकेतन ही शाळा २००५ पासून ते सूत्र पुन्हा चालवते आहे. पुलगावच्या त्या काल्पनिक बाईंसाठी मला सेवाग्रामचं सूत नको आहे. सभा हवी आहे.

विदर्भात उन्हामुळे शाळा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. अभ्यासक्रम मागे पडल्याची टोचणी पहिल्या दिवसापासून असतेच. अशात मी म्हणणार की पहिले तीन आठवडे पाच मुलांना जवळ घ्यायचंच नाही. बाई मनात म्हणतील, याला काय जातंय सांगायला! तरी सांगतो, कारण हे तीन आठवडे वाचवले की उरलेले तीस आठवडे हाका ऐकण्यात जातात.

पहिला दिवस फक्त डब्याचा. चिंचोके, काड्यांच्या मोळ्या, मणीमाळ, पत्ते, फासे कुठे राहतात, गटातून कोण आणतं, परत कसे जातात. शंभर चिंचोके नेले आणि सत्त्याण्णव परत आले तर? गटाने दहा-दहाचे ढीग लावून तीन कमी आहेत हे आधी सिद्ध करायचं, मग सतरंजी झटकायची. खरं तर गणिताचा तास इथेच सुरू झालेला असतो. दुसऱ्या दिवशी पत्त्यांवर दहाच्या जोड्या लावण्याचा खेळ, तोही फक्त तीन मिनिटं. या वेळात बाई काहीच शिकवत नाहीत. वह्या तपासत नाहीत, हजेरी भरत नाहीत, भिंतीला टेकून पाहतात. तीन मिनिटांनी टाळी, आणि सगळे गोलात. कुठे अडलं? पत्ते कोणी वाटायचे यावर भांडण झालं. मग काय करू या? काल हरला तो आज वाटेल, असा तोडगा निघतो. बाईंना दिसत असतं की हा टिकणार नाही, कारण दोघं हरल्याचं सांगत येतील. तरी तो लागू करायचा. परवाच्या गोलात मुलंच तो मोडतात आणि बरा तोडगा काढतात. बाईंनी दिलेला नियम मुलं बाईंसमोर पाळतात. आपण काढलेला नियम ती एकमेकांना पाळायला लावतात, कधीकधी बाईंनाही.

चौथ्या दिवशी पाच मिनिटं, पुढच्या आठवड्यात दहा, तिसऱ्याच्या शेवटी वीस. गडबड सुरू झाली की ओरडून वेळ पुरी करायची नाही, तिथेच थांबवून गोलात बसायचं. बिघडलेली दहा मिनिटं ताणली तर मुलांचा सराव बिघडवण्याचाच होतो.

याच दिवसांत अडल्यावर कोणाला विचारायचं तेही ठरतं. आधी हातातल्या साहित्याला, म्हणजे काड्या मांडून पाहायच्या. मग सोबत्याला. मग गटाला. बाईंचा नंबर चौथा. पण सोबत्याने मदत करायची म्हणजे काय करायचं, हे मुलांना उपजत येत नाही. त्यांच्या लेखी मदत म्हणजे उत्तर सांगणं. म्हणून एक छोटं नाटक करावं लागतं. एक मुलगी अडली आहे. दुसरी तिच्या हातातली पेन्सिल ओढून उत्तर लिहून टाकते. वर्ग खदखदून हसतो, कारण प्रत्येकाने हे केलेलं असतं. मग तोच प्रसंग पेन्सिलीला हात न लावता. “कुठवर आली तू? मांडून दाखव.” हे वाक्य तिसरीतल्या मुलाच्या तोंडी बसायला पंधरा दिवस लागतात, आणि ते बसलं की वर्गात एकाऐवजी कितीतरी बाई तयार झालेल्या असतात.

चौथ्या आठवड्यात बाई पहिल्यांदा पाच जणांना जवळ घेतात, तेव्हा एखादी खूण कामी येते. विदर्भात दुपट्ट्याशिवाय उन्हाळा निघत नाही, घरोघरी तो असतोच. लाल दुपट्टा खांद्यावरून बांधला की बाई त्या पाचांच्या. बाकीच्यांनी हाक मारायची नाही. रक्त, ओकारी आणि विंचू, एवढ्या तिन्हींना सवलत. मुलं हे चार दिवसांत शिकतात. बाईंनाच जड जातं. दुपट्टा असताना एकदा जरी “बरं, दाखव” म्हणून गेल्या, तरी तेवीसांना कळतं की हाक चालते, आणि जूनपासूनची मेहनत त्या एका वाक्यात वाहून जाते.

तेवीसांना काम कोणतं द्यायचं, यात सगळ्यात जास्त चुका होतात. नवीन काहीही द्यायचं नाही. जे समजलेलं आहे पण हाताला बसलेलं नाही, तेच द्यायचं. आणि शक्यतो स्वाध्यायपत्रिका नको. हुशार पोर ती चार मिनिटांत संपवून “बाई, झालं” म्हणतं, आणि त्या तेवीसांतल्या ज्याला ती येत नाही ते शेजाऱ्याची उतरवतं. खेळाला ‘झालं’ नसतं. फासा टाका, पडेल तितक्या काड्या घ्या, दहा झाल्या की रबर लावून मोळी, आधी शंभरावर पोचेल तो जिंकला. आठवड्याने हाच खेळ उलटा, शंभरावरून उतरत शून्यावर. आता मोळी सोडल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. हातचा हा शब्द न उच्चारता मुलं तासाला वीस वेळा तो घेतात. नाहीतर दुकान मांडायचं. बाजारातले भाव मुलांना पाठ असतात. सत्तावीसचा माल, पन्नासची नोट. दुकानदार झालेलं पोर वजाबाकी मांडत नाही. तीन रुपये हातावर ठेवून ‘तीस’ म्हणतं, मग वीस ठेवून ‘पन्नास’. कागदावर ५० − २७ चुकणारंही हेच पोर असतं. त्या दोन रीतींची गाठ घालून देणं हे बाईंचं काम, आणि ते सतरंजीवर निवांतपणे करता येतं, कारण पलीकडे दुकानं आपली आपण चालू असतात.

आवाज होतो. होणारच. केंद्रप्रमुख नेमके त्याच वेळी दारात उभे राहतात. त्यांना आत बोलावून एखाद्या गटाशेजारी बसवावं, लांबून जो गोंगाट वाटतो तो जवळून पंचावन्न-छप्पन्नचा वाद निघतो.

गट पाडायचे कसे? मुंबईत नव्वदच्या दशकात सुरू झालेल्या ‘प्रथम’ संस्थेने इयत्ता बाजूला ठेवून, मुलाला काय येतं त्यावरून गट करण्याची रीत देशभर नेली. ‘असर’ पाहणीतली अंकओळख, हातच्याची वजाबाकी, भागाकार ही शिडी तिचीच. सुरुवातीला ही शिडी उपयोगी पडते. पण तेच पाच जण वर्षभर ‘वजाबाकी गट’ राहिले की गटाची जात होते. त्याला ससा म्हणा, मोर म्हणा, मुलांना दोन दिवसांत कळतं की ससे म्हणजे कोण. म्हणून सतरंजीवरचा गट मुलाचा नसावा, अडचणीचा असावा. आज हातचा अडलेले पाच; सोमवारी घड्याळ अडलेले पाच. हातच्यात अडलेला पोरगा घड्याळात सगळ्यांच्या पुढे निघू शकतो, कारण वडिलांच्या ड्युटीच्या पाळ्या त्याने लहानपणापासून ऐकल्या आहेत. उरलेल्यांचे खेळाचे गट मात्र चिठ्ठ्या टाकून, सरमिसळ. कोण कोणाशेजारी बसतं, पोरींची सतरंजी वेगळी का, हे गावातून वर्गात आलेलं असतं. त्यावर भाषण देऊन काही होत नाही. फाशाच्या खेळात चौथा गडी कमी पडला की पोरं कोणालाही बोलावतात.

गेल्या दशकात सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये शिक्षण विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या पुढाकाराने मुलं गटागटाने, साहित्य हाताळत आपली आपण शिकताना दिसू लागली. राज्यभरातून शिक्षक ते पाहायला गेले, आणि जून २०१५ मध्ये आलेल्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमातून ज्ञानरचनावाद हा शब्द गावोगाव पोचला. त्याबरोबर काय पोचलं? रंग. वर्गांच्या फरश्यांवर संख्यारेषा, चौकटी, वर्तुळं उमटली, कारण रंगाचा डबा विकत मिळतो. ती फरशी बाईंना न विचारता वापरायची मुलांची सवय विकत मिळत नाही, आणि तिचा फोटोही नीट निघत नाही. काही शाळांत त्या संख्यारेषेवर बाक मांडलेले दिसतात.

सवय एकदा लावली की कायमची, असंही नाही. दिवाळीच्या सुटीनंतर अर्धं विसरलेलं असतं. पुन्हा डबा, पुन्हा गोल, पुन्हा तीन मिनिटं. या खेपेला तीन आठवड्यांऐवजी तीन दिवस पुरतात. याच सुमारास शिवारात कापसाची वेचणी जोरात असते. वर्गातली काही मुलं कमी होतात, तर वेचणीला आलेल्या आईबापांबरोबर आलेलं एखादं पोर मधूनच वर्गात येऊन बसतं. त्याला ना डबा माहीत, ना गोल. फासा टाकून त्याच्या अकरा काड्या होतात, मोळी बांधावी की नाही कळत नाही, आणि ते उठून सतरंजीकडे निघतं. शेजारची पोरगी स्वतःच्या काड्या मोजता मोजताच, मान वर न करता त्याचा सदरा धरते.

“बाईनं दुपट्टा बांधला हाये ना. मले इचार.”